गच्ची निरंक

नोकरीचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. मी तेवीस वर्षांची आहे आणि माझी नोकरी वर्षातून चार-पाच महिनेच असते. त्यामुळे लिहायला बसले तेव्हा मलाच संकोच वाटला. आमच्या वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "डास शोधणारी मुलगी आमच्या ओळखीत तू एकटीच. तूच लिही." त्यांनी हे कौतुकाने म्हटलं, असं मी धरून चालते.

पावसाळा लागला की शहरात आमच्यासारख्या मुलामुलींना कंत्राटावर घेतात. कागदावर पदाचं नाव लांबलचक आहे. वस्तीत आम्हाला 'डासवाले' म्हणतात. माझी आई कळमेश्वरला कारखान्यात पॅकिंगचं काम करते, बाबा तिथेच एका गेटवर वॉचमन आहेत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. प्राणिशास्त्र घेतलं म्हटल्यावर आईला वाटलं होतं, मी डॉक्टर होणार. पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र, खांद्याला झोळी आणि हातात टॉर्च घेऊन निघाले, तर ती म्हणाली, "एवढं शिकून लोकायचे ड्रम पाहून राहिली तू?"

मी म्हटलं, "फी निघते ना आई."

काम सांगायला सोपं आहे. घरात जायचं, जिथे जिथे पाणी साचलंय ते सगळं पाहायचं. ड्रम, रांजण, टाकी, कुंडीखालची थाळी, फ्रिजच्या मागचा छोटा ट्रे. पळीने थोडं पाणी काढून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि थांबायचं. नुसता कचरा असेल तर तो तळाशी बसतो. अळी असेल तर ती वळवळत वर येते, श्वास घेते आणि परत खाली जाते. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो, हे लोकांना पटत नाही. "आमचं घर पाहा, आरशासारखं आहे," म्हणणाऱ्या घरात मला जास्त अळ्या सापडल्या आहेत. एका प्राध्यापकांच्या बैठकीत काचेच्या भांड्यात बांबूची शोभेची काडी होती. त्यात अळ्या दाखवल्या, तर ते म्हणाले, "शेजाऱ्यांकडून आल्या असतील." अळ्यांना पाय नसतात, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पण नागपुरात खरं ठिकाण एकच, ते म्हणजे कूलर. उन्हाळ्यात कूलरशिवाय इथे माणूस जगत नाही आणि पाऊस पडला की त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तळात चार बोटं पाणी तसंच राहतं. भाड्याच्या घरात तर विचारूच नका. भाडेकरू म्हणतो, "कूलर मालकाचा आहे." मालक म्हणतो, "पाणी त्यानं भरलं आहे." दोघेही माझ्याकडे असं पाहतात, जसं काही त्या अळ्यांची आई मीच. आम्हाला शिकवलेला नियम साधा होता. जी जागा ज्याच्या ताब्यात, तिथल्या पाण्याची जबाबदारी त्याची. खोली भाडेकरूकडे असेल तर खोलीतला ड्रम भाडेकरूचा. गच्ची मालकाच्या कुलपात असेल तर गच्ची मालकाची. वाचायला हे सरळ वाटतं. त्यात मी काय घोळ घातला, तेच लिहायचं आहे.

त्याआधी आमच्या नोंदीबद्दल सांगायला हवं. प्रत्येक घरी दाराच्या आतल्या बाजूला आम्ही एक पत्रक चिकटवतो. त्यावर तारीख, काय पाहिलं, काय सापडलं आणि सही. काही सापडलं नाही तर 'निरंक'. जागा बंद असली तर 'कुलूप'. कुलूप लिहिलं की तीन दिवसांत परत त्या घरी जावं लागतं आणि संध्याकाळी सुपरवायझरसमोर सांगावं लागतं की आपली इतकी घरं बाकी आहेत. म्हणून आम्हा मुलामुलींमध्ये एक सवय पडली होती. ती कोणी शिकवली नव्हती, एकमेकांचं पाहून आम्ही उचलली. खालचं घर उघडं आहे, फक्त गच्चीला कुलूप आहे, तर गच्चीपुढे 'निरंक' लिहायचं. घर पूर्ण झालं. मीही लिहायचे. त्यात खोटेपणा आहे असं मला तेव्हा जाणवत नव्हतं, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. जाणवायचं. पेन त्या शब्दापाशी थोडं थांबायचं, एवढंच.

माझा दुसरा पावसाळा होता. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. सक्करदऱ्याच्या मागच्या बाजूला एक बसकं घर, दोन खोल्या, वर गच्ची. खोल्यांमध्ये ललिताताई राहायच्या. नवरा ऑटो चालवायचा, स्वतः त्या फॉल-पिको करायच्या, आणि आठ वर्षांची मुलगी अक्षरा, जिला सगळे आरू म्हणायचे. त्यांनी मला आधी पाणी दिलं, मग बसायला पाट दिला. असं घर महिन्यातून एखादंच मिळतं.

न्हाणीतल्या ड्रममध्ये मला चार-पाच अळ्या सापडल्या. ट्रे उजेडात धरून आरूला दाखवला. ती म्हणाली, "ई, या तं नाचून राहिल्या!"

ललिताताईंचा चेहरा उतरला. "मी रोज झाकतो वं ताई. काल घाईत राहिलं असन."

"होतं असं," मी म्हटलं. "आत्ताच ओतून टाकू." आम्ही दोघींनी ड्रम आडवा केला, पाणी अंगणात ओतलं आणि आतून घासणीने घासून उन्हात उलटा ठेवला. मग मी त्यांच्या नावाची नोटीस लिहिली. ती पहिल्या वेळची, समज देणारी असते. त्यांनी जपून सही केली.

गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याला लोखंडी जाळीचं दार होतं आणि त्याला कुलूप.

"वर काय आहे?"

"काय माहीत बाप्पा. मालकाचं सामान आहे. आमाले जाऊ देत नाही. कपडे बी अंगणातच वाळवतो."

"चावी?"

"त्याइच्यापाशी. गांधीबागेत दुकान आहे ना कपड्याचं."

त्या दिवशी माझी चौदा घरं राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलची वही द्यायची होती. मी पत्रकावर लिहिलं: तळमजला, ड्रम एक, अळी आढळली. गच्ची, निरंक. सही केली आणि आरूला हात हलवून निघाले.

डेंग्यूचा रुग्ण सापडला की दवाखान्यातून यादी येते आणि त्या घराच्या आजूबाजूची सगळी घरं पुन्हा तपासावी लागतात. त्या भेटीनंतर बाराव्या दिवशी सकाळी आमचे सुपरवायझर ढोके साहेब यादी वाचत होते. पन्नाशीचे, सावळे, उभा जन्म या खात्यात गेलेला. "अक्षरा, वय आठ," त्यांनी वाचलं आणि पत्ता वाचला. "हे कोनाचं घर आहे?"

मी हात वर केला.

पोहोचले तेव्हा फाटकाशी ललिताताई उभ्या होत्या, हातात मुलीच्या कपड्यांची पिशवी. चार दिवस ताप होता, आदल्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं म्हणून मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. नवरा तिथे थांबला होता. ताईंच्या समोर स्कूटरवर टेकून एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ बोलत होते. ते घरमालक, मनोहरजी. आवाज चढलेला नव्हता. उलट अगदी समजावणीचा होता.

"मी काय म्हनतो, रविवारपर्यंत सामान काढून घ्या. पोरगी बरी झाली की डायरेक्ट नव्या घरी न्या. आता तुमच्यामुळं माह्या घराचं नाव खराब झालं ना. उद्या इथं कोन भाडेकरू येईन?"

"पोरगी दवाखान्यात आहे भाऊ," ताई म्हणाल्या. "आता कुठं घर पाहू मी?"

"मंग ड्रम साफ ठेवायचा होता." त्यांनी मला पाहिलं. ओळखपत्र पाहिलं. "घ्या, मॅडमच आल्या. मॅडम, तुमीच सांगा यायले." आणि मोबाइल माझ्यासमोर धरला.

त्यात दारामागच्या पत्रकाचा फोटो होता. माझं अक्षर, माझी सही. खाली अळी आढळली, वर निरंक.

"तुमी सोता लिहिलं ना? खाली डास, वर काही नाही. माह्या जागेत काहीच नाही निघालं."

ललिताताई माझ्याकडे पाहत होत्या. मी वर गेलेच नव्हते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तो कागद काय असतो, निरंक म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं असावं, आम्हाला न चढताच कळतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. आणि मी काही सांगितलं नाही. "मी साहेबांशी बोलते," एवढंच म्हटलं.

नंतर शेजारच्या बाईंकडून कळलं की मनोहरजींना ते घर वर्षभरापासून रिकामं हवं होतं. पुतण्याला तिथे शिकवणी वर्ग काढायचे होते. आजवर त्यांना कारण मिळत नव्हतं. ते मी लिहून, सही करून दिलं होतं.

ढोके साहेब चहाच्या टपरीवर होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"वर गेलीच नाही तू?"

"नाही सर."

"आन निरंक लिहिलं."

"हो सर."

"काहून वं? हे पाय, हे तू माह्याजवळ बोलली. मी ऐकलंच नाही. गप राय. पोरगी बरी होईन, ते लोक दुसरं घर पाहतीन. लेखी गेलं तं पहिले तुले काढतीन, मंग मले विचारतीन का तू काय पाहत होता."

मी झोळी उचलून निघाले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. कोणीतरी मोठ्या माणसाने गप्प राहायला सांगितलं होतं. मी चार घरं तपासलीही. पाचव्या घरी गच्चीला कुलूप होतं. पत्रकावर पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना. मी टपरीवर परत आले.

"सर, मी लिहून देते."

त्यांनी चहाचे दोन घोट घेतले. मग म्हणाले, "पहिले वर काय आहे ते पाहू. काहीच नसलं तं उगाच मरशीन." आणि तिथूनच मनोहरजींना फोन लावला.

मनोहरजी फोनवरही गोडच बोलले. चावी दुकानात आहे, आज गिऱ्हाईक आहे, उद्या अकराला येतो.

"उद्या!" मी म्हटलं. फोन बंद झाल्यावर ढोके साहेब म्हणाले, "मी काय त्याचं कुलूप तोडू?"

दुसऱ्या दिवशी अकराला जाळीचं दार उघडलं. गच्चीवर तीन जुने कूलर होते, मोठे, लोखंडी, पत्र्याचे. तिन्ही उलटे घातलेले. खाली सिमेंटवर ओल नव्हती. गच्ची झाडलेली होती, कोपऱ्यात नवा खराटा उभा होता.

"पाहा," मनोहरजी म्हणाले. "कोरडं ठणठणीत. लोखंड आहे नुसतं. लोकं उगाच मालकाच्या नावानं बोंबलतात."

ढोके साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, झालं तुझं समाधान, असं होतं.

मी एक कूलर सरळ केला. का केला ते सांगता येत नाही, बहुधा लगेच खाली उतरायची लाज वाटत होती. टॉर्च आत मारला. तळापासून चार-पाच बोटांवर पत्र्याला सगळीकडून एक रेघ होती, पाणी बरेच दिवस उभं राहिल्यावर पडते तशी. आणि त्या रेघेवर काळे ठिपके. राळ्याच्या दाण्याहून बारीक, पण एका ओळीत. गंजाचे डाग असे ओळीत बसत नाहीत. मी नखाने एक खरवडला, तो सुटेना.

आमच्या कॉलेजात एकदा बाईंनी गाळणीच्या कागदावर चिकटलेली असली अंडी दाखवली होती. ती पाण्यात नसतात, पाण्याच्या कडेला भिंतीवर चिकटवलेली असतात. पाणी ओतून दिलं तरी ती जात नाहीत, घासावीच लागतात. आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने मरत नाहीत, पुन्हा पाणी येण्याची वाट पाहतात. म्हणून तर आम्ही लोकांना ड्रम नुसता ओतू नका, घासा, असं सांगत फिरतो. मनोहरजींच्या माणसाने गच्ची झाडली होती, कूलर उलटे केले होते. घासले नव्हते. भाडेकरूला ड्रम साफ ठेवायला सांगणाऱ्या माणसाला ड्रम कसा साफ करतात हे ठाऊक नव्हतं.

"सर, यात पाणी भरून दोन दिवस ठेवायचं का?"

मनोहरजी हसले. "दोन काय, पंधरा दिवस ठेवा. कोरड्या लोखंडातून काय निघनार आहे? पन पानी मी आननार हां. उद्या म्हनसान, आमच्या पान्यातून आले." आणि त्यांनी खरोखर कोपऱ्यावरच्या दुकानातून पिण्याच्या पाण्याचे बंद कॅन मागवले. ढोके साहेबांनी तिन्ही कूलर सरळ करून त्यांत पाणी ओतायला लावलं, वरून मच्छरदाणीचं कापड बांधलं, गाठीवर कागद चिकटवून त्यावर स्वतः सही केली आणि मनोहरजींचीही घेतली. जिन्याला दोन कुलपं लागली, एक त्यांचं, एक आमचं.

खाली उतरताना साहेब हळूच म्हणाले, "खात्री आहे ना तुले?"

"नाही सर," मी म्हटलं.

ते दोन दिवस फार वाईट गेले. काही ठिपके मी पाहिले होते, पण ते गंजाचेही असू शकत होते. कॉलेजात पाहिलेलं आणि गच्चीवर पाहिलेलं यात फरक असतो. काही निघालं नाही तर मनोहरजी या तपासणीचा कागदही फोनमध्ये ठेवणार होते आणि मग रविवारी ललिताताईंचं सामान अंगणात येणार होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. वॉर्डच्या काचेतून आरू दिसली. हाताला सलाईन, डोळे मिटलेले, चेहरा सुजल्यासारखा. तिचे वडील बाकावर बसून रक्ताच्या रिपोर्टची घडी उघडत होते आणि परत घालत होते. प्लेटलेट अजून खाली जात होत्या. मी त्यांना भेटले नाही. पायऱ्यांवरूनच परत फिरले. घरी येऊन एक पान अर्ज लिहिला: अमुक तारखेस सदर घराच्या गच्चीस कुलूप होते, मी गच्ची तपासली नाही, तरीही निरंक अशी नोंद केली, ती चुकीची आहे. खाली सही केली. पहिल्यांदा सही करताना अक्षर बिघडलं म्हणून पान पुन्हा लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे परत गच्चीवर. खाली ललिताताई आलेल्या होत्या, मुलीसाठी पेज आणि कपडे न्यायला. मी त्यांच्याकडे न पाहता जिना चढले.

पहिल्या कूलरचं कापड सोडलं. पळी फिरवली, ट्रेमध्ये ओतलं. गंजाचा पिवळा गाळ तळाशी बसला. थांबले. काही नाही. पुन्हा काढलं. काही नाही.

दुसरा कूलर. गाळही नव्हता, पाणी जसंच्या तसं.

"चांगलं पानी आहे," मनोहरजी म्हणाले. "पेऊन घ्या मॅडम, तहान लागली असन."

ढोके साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी तिसऱ्या कूलरशी गुडघे टेकले. पळी यावेळी मधून न घेता कडेने फिरवली. ट्रेमध्ये पाणी पडलं, धूळ पसरली, हळूहळू खाली बसू लागली. काही कण बसले नाहीत. मी टॉर्च तिरका धरला. एक कण वर आला, थांबला, वळवळून खाली गेला. मग दुसरा. केसाच्या तुकड्याएवढे. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

"सर."

ढोके साहेब वाकले. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं. मग ट्रे दोन्ही हातांनी उचलून मनोहरजींसमोर धरला. "तुमचंच पानी, तुमचंच लोखंड. घ्या, पाहून घ्या."

मनोहरजी ट्रेवर वाकले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. "हे तं काल-परवा निघाले. यायनंच त्या पोरीले चावलं, हे कसं सिद्ध करता?"

हा प्रश्न बरोबर होता. ढोके साहेब तोंड उघडणार, त्याआधी मीच बोलले.

"ते नाही सिद्ध करता येत. कोणता डास चावला हे कोणालाच सांगता येत नाही. पण यात बरेच दिवस पाणी साचलं होतं आणि डास त्यात अंडी घालत होते. आणि तुमच्या फोनमध्ये जो कागद आहे, तो खोटा आहे. मी त्या दिवशी वर आलेच नव्हते. कुलूप होतं. न पाहता मी निरंक लिहिलं. हे मी लेखी दिलं आहे." अर्ज झोळीतच होता. तो काढून मी साहेबांच्या हातात दिला. म्हणजे दिलं आहे म्हणाले तेव्हा दिला नव्हता, नंतर दिला.

साहेबांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि नोटीसचं पुस्तक काढलं. गच्चीची नोटीस मनोहरजींच्या नावाने. ड्रमची ललिताताईंच्या नावाची होती ती तशीच राहिली, कारण ड्रममध्ये अळ्या होत्या हेही खरंच होतं. "आता घर खाली करासाठी हे कारण दाखवान," ते मनोहरजींना म्हणाले, "तं हा कागद बी सोबत लावा. नाही तं मी लावतो."

मनोहरजींनी सही केली. "राहा म्हना बाप्पा," असं कोणाकडेही न पाहता पुटपुटले आणि उतरून गेले. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. त्यानंतर घर सोडण्याचं ते बोलले नाहीत, निदान तो पावसाळा तरी. माझ्या अर्जावर वरून ठपका आला आणि पुढच्या हंगामात मला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ढोके साहेबांनी परत नाव घातलं. त्यांच्या हाताखालच्या पत्रकांवर 'कुलूप' जास्त दिसतं, असं आता बाकीचे सुपरवायझर म्हणतात.

पण त्या सकाळी मी ट्रे घेऊन वळले, तर जिन्याच्या वरच्या पायरीवर ललिताताई उभ्या होत्या. गच्ची त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. कधीपासून उभ्या होत्या, मला माहीत नाही.

"तू वर आलीच नव्हती," त्या म्हणाल्या.

"नाही ताई."

"आली असती, तं आरू अशी पडली असती का?"

मनोहरजींना दिलेलं उत्तर तोंडाशी तयार होतं. कोणालाच सांगता येत नाही. ते खोटंही नव्हतं.

"कदाचित नसती पडली," मी म्हटलं. "ड्रम आपण त्याच दिवशी ओतला होता. तिला ताप आला त्यानंतर आठ दिवसांनी. ड्रममधल्या अळ्यांचे डास झालेच नाहीत. हे कूलर मात्र तसेच राहिले."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं त्या मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दिवस झाले किती," त्या म्हणाल्या, "मी त्या ड्रमापाशी बसून राहिली. झाकण माह्याच हातून राहिलं, म्हनून माही पोरगी तिथं पडून आहे, असं वाटून राहिलं होतं मले. आरूच्या बापानं बी मले काही म्हटलं नाही, पन माह्याकडं पाहत नव्हता तो. वर पाहिलंच नाही, हे तुले ठाऊक होतं. आन तू गेटपाशी माह्यासमोर गप उभी होती."

"हो."

"आज सकाळी प्लेटलेट वाढल्या तिच्या," त्यांनी पिशवी उचलली. "थोड्याशा. डॉक्टर म्हने वाढतीन आता." दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. वळल्या नाहीत. "कूलरमध्ये होतं म्हनून सांग त्याले. आरूच्या बापाले. मी सांगितलं तं वाटन, सोतावरचं काढून टाकून राहिली. तू सांग."

मी ट्रे सिमेंटवर उन्हात पालथा केला आणि त्यांच्या मागोमाग दवाखान्यात गेले.